तारण

श्रोतेहो, नमस्कार. तुम्हा सगळ्यांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा.

आज एका शब्दापासून सुरुवात करतो. तारण. आपल्या मराठवाड्यात हा शब्द जास्तीत जास्त कुठं भेटतो, तर बँकेच्या आणि पतसंस्थेच्या पाटीवर. सोनेतारण कर्ज. पेरणीच्या तोंडावर घरातली पोत तारण ठेवायची, बी-बियाणं आणायचं आणि सोयाबीन निघालं की सोडवून आणायची. पाऊस हुकला तर पोत तिथंच. आमच्या ख्रिस्ती घरात मात्र हाच शब्द रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत असायचा. तिथं तारण म्हणजे सुटका. येशूला आम्ही तारणारा म्हणतो. लहानपणी मला हे दोन्ही एकच वाटायचं. आज साठी उलटल्यावर वाटतं, मी फारसा चुकत नव्हतो.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. जमीन मुरमाड, पाणी नाही. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की बैलगाडीत बिऱ्हाड टाकून ऊसतोडीला निघायचं. उचल म्हणजे आधीच घेतलेले पैसे. ती कोयत्यावर मिळते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मोळ्या बांधून, गाड्या भरून ती फेडायची. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशेब. आमच्या हिशेबात बहुतेक वेळा बाकीच निघायची. ती पुढच्या सालाच्या उचलीत मिसळायची. बाकी निघाली की आबा वहीकडं बघायचे नाहीत, जमिनीकडं बघायचे.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. गोदाकाठच्या एका कारखान्याच्या तळावर आमच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जवळच्या शहरातल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, चार-पाच माणसं टेम्पो घेऊन आली. त्यांनी दोन गीतं म्हटली, लेकरांना करंज्या दिल्या आणि प्रत्येक कोपीत एकेक जाड चादर दिली. माझ्या आत्यानं चादर हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही कुणाच्या नावावर मांडली?"

कुणाच्याच नाही मावशी, ही तुमचीच, असं त्या पोरांनी सांगितलं. आत्याला ते पटलं नाही. उसाच्या फडातली डिसेंबरची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना मी काय सांगू. पाचटाखालची भुईसुद्धा ओली लागते. त्या थंडीत आत्यानं दोन रात्री ती चादर घडी मोडल्याशिवाय उशाला ठेवली. वापरली आणि उद्या पैसे मागितले तर द्यायचे कुठून, हा तिचा घोर. तिसऱ्या रात्री आबा तिला म्हणाले, "बाई, ती फुकट नाही. तिचे पैसे कुणीतरी भरलेत. तुला भरायचे नाहीत, एवढंच." तेव्हा कुठं तिनं ती अंगावर घेतली.

नाताळबद्दल मी पुढं पुष्कळ प्रवचनं ऐकली. पण आबांच्या त्या वाक्याइतकं नेमकं मला दुसरं काही सापडलं नाही.

येशूचा प्रेषित पौल यानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे, "पापाचे वेतन मरण आहे, पण देवाचे कृपादान आपल्या प्रभू ख्रिस्त येशूमध्ये सार्वकालिक जीवन आहे." वेतन आणि कृपादान. वेतन म्हणजे मजुरी, जेवढा ऊस तोडला तेवढी. पाप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चोर-दरोडेखोर येतात. पण मला विचाराल तर पाप म्हणजे न फिटणारी बाकी. रागाच्या भरात मी आबांना एक शब्द बोललो होतो. आबा गेले. आता तो शब्द कुठं जाऊन माघारी घेऊ? दानधर्म केला, उपास केले, तरी तो त्या वहीतून पुसत नाही. आणि असे शब्द काय एकच असतात? प्रत्येकाला आपली वही ठाऊक असते.

नाताळची बातमी ही, की या बाकीसाठी देवानं आपल्याकडं तारण मागितलं नाही. त्यानं स्वतःचं दिलं. योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलं आहे, "देवाने जगावर एवढी प्रीती केली की, त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला." घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू ठेवायला निघालेला बाप आपण पाहिलेला आहे. त्याच्या चालण्यावरून कळतं. हे वचन वाचताना मला तोच बाप दिसतो.

मग हे दान आलं कसं? रोमचा बादशहा कैसर औगुस्त यानं सगळ्या लोकांची नावनिशी करण्याचा हुकूम काढला म्हणून योसेफ आणि दिवस भरत आलेली मरिया नासरेथहून बेथलेहेमला, म्हणजे दावीद राजाच्या गावी, आली. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो, तिनं बाळाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण त्यांना उतारशाळेत जागा नव्हती. आमच्या तळावर हे वाचलं जायचं तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नसे. त्याच तळावर कोपीत जन्मलेली, जुन्या लुगड्याच्या बाळंत्यात गुंडाळलेली लेकरं बैलगाडीखालच्या झोळीत निजलेली असायची. बैलांची गव्हाण हाताच्या अंतरावर. बायका एकमेकींकडं बघायच्या. देव आपल्यासारखाच आला, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं.

बेथलेहेम या इब्री नावाचा अर्थ भाकरीचं घर. आपल्या जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे, त्या नावाचा अर्थ देवाचं घर. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या नारायण शेषाद्रींनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं निजामाच्या राज्यात, जालन्याला येऊन ही वस्ती वसवली. तिथं आलेले बहुतेक जण गावकुसाबाहेरचे होते. ज्यांना उतारशाळेत जागा नव्हती, असेच. त्या नावापाशी मी दरवेळी थोडा थांबतो.

पण गव्हाणीवरच थांबलो तर नाताळ अर्धाच कळतो. पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांनी बाळासमोर सोनं, ऊद आणि गंधरस ठेवला. गंधरस हा मृताच्या देहाला लावायचा पदार्थ. पुढं येशूला मानणाऱ्या निकदेमानं त्याच्या देहासाठी जे आणलं त्यातही गंधरस होता. बाळाच्या पायाशी ती वस्तू ठेवली गेली तेव्हाच हे दान कुठवर जाणार ते दिसत होतं. आपण पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहोत, हे येशूचेच शब्द. जन्मला तेव्हा दुसऱ्याच्या गव्हाणीत, पुरला गेला तेव्हा दुसऱ्याच्या कबरेत. आमची बाकी तिथं, वधस्तंभावर फिटली, असा आमचा विश्वास आहे. चादरीचे पैसे भरले होते ते असे.

आणि म्हणून येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आम्ही म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड. हे म्हणायला मला अजून जड जातं. ज्याची वही फाडली गेली त्यानं दुसऱ्याची वही जपून ठेवायची कशी? भावाभावांतला बांध, बोलणं बंद झालेली सोयरीक, नाताळच्या आठवड्यात हे सगळं डोळ्यांपुढं येतं. गेल्या वर्षी अशा एका घरी मी करंज्यांचा डबा घेऊन गेलो. पंधरा वर्षांनी. त्यांनी आधी चहा टाकला, मग दोघांनाही बोलता येईना.

श्रोतेहो, आज रात्रीसुद्धा कुठंतरी फडात कोयते चालू असतील. गाडी भरायची वेळ झाली की दिवस-रात्र कोण बघतं? पहिल्या नाताळची बातमी अशाच जागणाऱ्या माणसांना मिळाली. रानात कळप राखणारे मेंढपाळ होते ते. त्यांना देवदूत म्हणाला, "तुमच्यासाठी आज दावीदाच्या गावात तारणारा जन्मला आहे, तो ख्रिस्त प्रभू आहे."

आत्याला वाचता येत नव्हतं. त्या तिसऱ्या रात्री चादरीत गुरफटून ती कंदिलाशी आली आणि आबांना म्हणाली, "ते 'तुमच्यासाठी' म्हणतोय ना, तेवढं परत वाच." आबांनी परत वाचलं.

नमस्कार.