२०० मायक्रोसेकंदांचं भांडं

चहाचं आधण ठेवलं की पाणी उकळायच्या आधी भांडं गुणगुणायला लागतं, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात, सुटून वर निघतात. वरचं पाणी अजून पुरतं तापलेलं नसतं. त्यात शिरताच वाफेचं पाणी होतं आणि बुडबुडा मिटतो. एकाचा आवाज कानाला कळत नाही, हजारोंचा कळतो. आज मी ज्या बुडबुड्याबद्दल बोलणार आहे तो एकटाच असतो, आणि तरी त्याचा ‘टक्’ खोलीभर ऐकू येतो.

काचेच्या भांड्यात तळाशी सोन्याची पट्टी ठेवायची. तिच्यावर जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर पाणी. वरून लेन्समधून लेसरचे ठोके सोडायचे. एक ठोका ५ ते १० नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), सेकंदाला असे दहा. प्रत्येक ठोक्याला पट्टीवर तो बुडबुडा उठतो आणि मिटतो: टक्, टक्, टक्. काही मिनिटांत पाण्यात लाली उतरू लागते आणि मग पातळ कोकम सरबतासारखा रंग येतो. ते सोन्याचे नॅनोकण, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात मोजायचे इवले कण. पाण्यात दुसरं कुठलंही रसायन घातलेलं नाही, म्हणून कणांचा पृष्ठभाग स्वच्छ राहतो. औषधशास्त्रात आणि उत्प्रेरकांच्या कामात ही फार मोठी सोय आहे.

या पद्धतीची सुरुवात सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो. पाण्याखालच्या लोखंडावर रुबी लेसरचे ठोके मारून त्याची वेगळी ऑक्साइडं बनवण्याचा प्रयोग पुणे विद्यापीठात झाला. पाटील, ओगले, भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो निबंध १९८७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. या विषयावरचे परदेशी लेख आजही आपला इतिहास तिथूनच सांगायला घेतात.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष धातूकडे होतं. बुडबुड्याकडे वळलं ते बरंच नंतर, वेगवान कॅमेरे हाताशी आल्यावर. सेकंदाला एक लाख चित्रं घेणारा कॅमेरा लावला की दर १० मायक्रोसेकंदांना एक चित्र मिळतं. पहिल्या चित्रात पट्टीवर पांढराशुभ्र ठिपका दिसतो, तो प्लाझ्मा, म्हणजे ठोक्यानं तापून चमकणारा धातूचा वायू. पुढच्या चित्रात ठिपका विझलेला असतो आणि त्या जागी काळा घुमट उभा असतो, पालथ्या वाटीसारखा. वाटी फुगत जाते, साधारण १ मिलिमीटर त्रिज्येला थबकते, मग आक्रसायला लागते. सुरुवातीला सावकाश, शेवटच्या दोन-तीन चित्रांत मात्र एकदम. विसाव्या चित्राच्या आसपास ती नाहीशी होते आणि लगेच दुसरी, लहान वाटी उगवते.

का मिटते? आतला दाब पडलेला असतो आणि बाहेरून वातावरणाचा दाब पाण्याला आत ढकलत असतो. किती वेळात, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ सालीच मांडलं होतं. त्या काळी बोटींचे पंखे अशाच पोकळ्यांनी झिजत होते. १ मिलिमीटर त्रिज्येसाठी उत्तर येतं सुमारे ९० मायक्रोसेकंद. फुगायला साधारण तेवढेच, म्हणजे आयुष्य २०० च्या आत-बाहेर. शंभर वर्षांपूर्वीचं सूत्र आणि कॅमेऱ्यातली वीस चित्रं जुळतात, तेव्हा अजूनही मला भरून येतं.

कण तयार होतात कुठे, हा खरा प्रश्न होता. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, थेट बुडबुड्यातून क्ष-किरण सोडून पाहिलं गेलं. कण आतच सापडले: काही १० नॅनोमीटरच्या आसपासचे, काही त्याच्या कितीतरी पट मोठे. बुडबुडा कोसळेपर्यंत बहुतेक कण त्याची हद्द ओलांडतच नाहीत. माझं म्हणणं त्यामुळे एवढंच आहे की बुडबुड्याला आपण ठोक्याचा उपपरिणाम समजू नये. कण शिजतात ते भांडं तोच आहे, आणि त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो.

हे मी चुकून शिकले. दुसऱ्या एका लेसरवर काम करताना माल वाढावा म्हणून मी सेकंदाला दहा हजार ठोके लावले होते. पाणी फिकटच राहिलं. दोन दिवस मी लेन्स पुसत होते, पट्टी घासत होते. कारण अगदी सरळ होतं: दर १०० मायक्रोसेकंदांना येणारा ठोका आधीच्या, अजून जिवंत असलेल्या बुडबुड्यावर आदळून विखुरत होता. पट्टीपर्यंत पोचत होतं ते उरलंसुरलं.

यावर उपाय म्हणजे किरणानं एका जागी थांबायचंच नाही. जर्मनीतल्या एसेनच्या संशोधकांनी फिरत्या बहुकोनी आरशानं किरण सेकंदाला ५०० मीटर वेगानं पट्टीवरून पळवला. ५०० वॉटचा लेसर, सेकंदाला एक कोटी ठोके. दोन ठोक्यांत अंतर ५० मायक्रोमीटर. बुडबुडा फुगायच्या आत किरण पुढे निघून गेलेला. २०१६ साली त्यांनी अशा रीतीनं तासाला ४ ग्रॅम प्लॅटिनमचे कण काढले. आमच्या भांड्यात तासाला काही मिलिग्रॅम निघायचे.

तरी एक अडचण उरतेच. पाण्याचं थोडं विघटन होऊन हायड्रोजनसारखे वायू सुटतात. मोठा बुडबुडा मिटला तरी त्यांचे बारीक बुडबुडे पट्टीला चिकटून किंवा किरणाच्या वाटेत तरंगत राहतात, मायक्रोसेकंद नव्हे, चांगले सेकंदभर. त्यांना आरशानं चुकवता येत नाही. म्हणून भांड्याऐवजी वाहत्या पाण्याची खोबण वापरतात, आणि पाणी असं सोडतात की वायू आणि ताजे कण दोन्ही वाटेत साचून न राहता बाजूला व्हावेत.