कंबरदुखी आणि रात्रीची गादी

ऑक्टोबर महिना. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू आहे. मांडवाखाली दिवसभर मान वर, हात डोक्याच्या वर. छाटणीनंतर विरळणी, मग घडांचं डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं. इकडे अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मशीनसमोर उभ्या उभ्या शिफ्ट संपते. कंबर धरून घरी येणारी माणसं या जिल्ह्यात गावोगाव भेटतात.

दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. मग रात्र अवघड होते. दुखतं म्हणून झोप लागत नाही, आणि झोप झाली नाही की सकाळी तेच दुखणं जास्त जाणवतं.

घरातली मोठी माणसं मायेनं सांगतात, "गादी काढ, फळीवर झोप." फळी नाही, पण कडक गादी खरंच बरी का, हे स्पेनमधल्या संशोधकांनी तपासलं. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गादी दिली आणि ९० दिवसांनी पाहिलं. मध्यम गादीवर झोपणाऱ्यांचं अंथरुणातलं आणि उठतानाचं दुखणं जास्त कमी झालं होतं. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. फळीचा सल्ला मात्र अजून घरोघरी तसाच दिला जातो, याचं वाईट वाटतं.

कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा थोडा आत जायला हवा. फळीवर तो जात नाही. सगळा भार तिथेच येतो आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ गादीत उलट होतं, कंबरच खड्ड्यात जाते.

म्हणून दुकानात गादी हातानं दाबून घेऊ नका. चप्पल काढा, रोज झोपता त्याच कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. संकोच वाटेल, तरी पडा. सोबतच्या माणसाला मागून पाठीचा कणा बघायला सांगा: मानेपासून माकडहाडापर्यंत सरळ रेषेत आहे ना? 'ऑर्थोपेडिक' या लेबलवरून गादी तुमच्या अंगाला जुळेल की नाही, हे कळत नाही. मेमरी फोम थंडीत कडक होतो आणि उन्हाळ्यात मऊ पडतो. निफाडचा पारा थंडीत कुठे उतरतो हे इथल्या माणसाला सांगायला नको, तेव्हा घेताना ऋतूचाही विचार करा.

नवी गादी परवडत नसेल तर? आधी घरातली कापसाची गादी बघा. ती बसली असेल, कापसाचे गोळे झाले असतील, तर पिंजून पुन्हा भरून घ्या. खालच्या पलंगाला झोळ आला असेल, तर वरची गादी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उताणं झोपत असाल तर ती गुडघ्यांखाली ठेवा. याला एक रुपयाही लागत नाही, आणि पुष्कळांना त्यानं आराम पडतो.

पण पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवी-संडासवर ताबा राहत नसेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठा.