दोन हातांचा रॉड आणि त्याला जुळणारी लाइन

[दृश्य: उंच काठ, पाण्यावर झुकलेली झाडं]

स्कॉटलंडमधली स्पे नदी. फ्लाय फिशिंगची लाइन, म्हणजे गळाची दोरी, मागे लांबवर उडवायला जावं, तर फ्लाय (टोकाचं हलकं, खोटं आमिष) झाडात अडकलीच म्हणून समजा. एकोणिसाव्या शतकात सॅल्मन पकडणाऱ्यांनी यावर तोड काढली: दोन्ही हातांनी धरायचा लांब रॉड, आणि लाइन मागे पूर्ण न पसरता पुढे सोडायची फेक.

[दृश्य: फेक, संथ गतीत]

रॉड मागे झुकला की लाइन त्याच्यामागे फुगते. हा डी-लूप. टोक तेवढं पाण्याला चिकटून राहतं, तो अँकर. पुढच्या झटक्यात रॉडला वाकवायला या दोघांचाच आधार. म्हणून लाइनीचं वजन इतकं महत्त्वाचं.

आणि घोटाळाही इथेच होतो. एका हाताच्या रॉडसाठी आठ नंबरची लाइन म्हणजे पहिल्या 30 फुटांत सुमारे 210 ग्रेन, जेमतेम साडेतेरा ग्रॅम. दोन हातांच्या आठ नंबरी रॉडला मात्र 500 ग्रेनच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त लागतं. नंबर तोच, वजन दुपटीच्या वर! तेव्हा नंबर बाजूला ठेवा, ग्रेन विचारा.

ग्रेन जुळले तरी हेडची, म्हणजे लाइनीच्या पुढच्या वजनदार भागाची, लांबी उरतेच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीचं नाव मिळालेलं हेड आखूड, साधारण 20 ते 25 फूट, आणि जाडजूड. जड सिंक-टिप (लाइनीला पुढे जोडायचं, पाण्यात बुडणारं टोक) आणि भलीमोठी फ्लाय ते बिनतक्रार उचलतं. टी-14 जातीची टिप फुटाला 14 ग्रेन भरते. दहा फुटांना 140. दिसायला अगदीच बोजड, पण काम चोख.

स्कँडी, म्हणजे स्कँडिनेव्हियन पद्धतीचं, हेड याहून लांब, पुढे निमुळतं, त्याच रॉडला थोडं हलकंच लागतं. खालच्या हाताने चटकन ओढायची सवय असेल, तर हेच घ्या. साठ फुटांपुढची लांब बेली (म्हणजे लांबच लांब हेड) सुंदर दिसते खरी, पण आखूड रॉडवर नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

[दृश्य: हाताचा क्लोजअप]

दुकानातल्या तक्त्यापेक्षा हात खरं सांगतात. वरच्या हाताने ढकलावं लागतंय? लाइन हलकी आहे. रॉड मुठीपर्यंत वाकून सुस्तावतोय, पुढे जाणाऱ्या लाइनीचा लूप रुंदावतोय? तीस ग्रेन कमी करून पाहा.