इंग्रजी ‘वी’चे दोन अर्थ आणि इंडोनेशियन भाषा

मित्रहो, इंग्रजीतून इंडोनेशियनमध्ये अनुवाद करताना सगळ्यात जास्त कुठला शब्द अडवतो, असं मला विचारलं तर मी कायद्याची किंवा तंत्रज्ञानाची एखादी संज्ञा सांगणार नाही. मी ‘वी’ (we) सांगेन, म्हणजे आम्ही किंवा आपण. पोरं शाळेत अगदी सुरुवातीला शिकतात तोच.

इंडोनेशियनमध्ये त्याला दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं असेल तर ‘किता’, त्याला वगळून बोलायचं असेल तर ‘कामी’. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘उद्या आपण बांडुंगला जाऊ’ म्हटलं की ऐकणारा बॅग भरायला घेतो. ‘उद्या आम्ही बांडुंगला जाणार आहोत’ म्हटलं की तो ‘जाऊन या’ म्हणतो. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘वी’च. हिंदीतला ‘हम’सुद्धा इथे कामाला येत नाही.

इंडोनेशियातल्या जाहिरातींवर ‘हुबुंगी कामी’ असं असतं, म्हणजे आमच्याशी संपर्क साधा. तिथे ‘किता’ चालणार नाही. ग्राहक स्वतःशीच संपर्क कसा साधणार? ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला हाक मारतात ती ‘बापा कामी’ अशी. मराठी बायबलातही ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ असंच आहे, कारण ज्याला हाक मारतोय तो त्या ‘आम्ही’त मोजता येत नाही. पण धर्मगुरू समोरच्या लोकांशी देवाबद्दल बोलू लागले, की तोच देव ‘तुहान किता’ होतो, आपला देव.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते उदाहरण 17 ऑगस्ट 1945 चं. जाकार्तात पेगांगसान तिमूर रस्त्यावरच्या आपल्या घरासमोर स्वातंत्र्यलढ्याचे नेते सुकार्नो यांनी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा वाचली. तिची सुरुवात ‘कामी बांग्सा इंदोनेसिया’ अशी आहे: आम्ही इंडोनेशियन राष्ट्र. समोर जमलेली माणसं तर त्यांचीच होती. मग ‘किता’ का नाही? मला वाटतं, ते वाक्य अंगणातल्या माणसांना सांगायचं नव्हतंच. त्यांच्या वतीने ते जगाला सांगायचं होतं, तोवर सत्ता गाजवणाऱ्या जपान्यांना आणि परत येऊ पाहणाऱ्या डचांना. इंग्रजी भाषांतरात हा रोख पार पुसला जातो. आपल्या संविधानाची मराठी उद्देशिका पाहा. ‘आम्ही, भारताचे लोक’. तिथे ‘आपण’ घालून वाचा, सगळा ताठपणा जातो.

बोलीभाषेत हे इतकं काटेकोर राहत नाही, हेही सांगायला हवं. जाकार्तात बोलताना ‘कामी’च्या जागी सर्रास ‘किता’ येतो, आणि मनाडोच्या बोलीत तर ‘किता’ म्हणजे चक्क ‘मी’. कादंबरीतले संवाद करताना पात्र कुठलं, हे आधी पाहावं लागतं.

इंग्रजी वाक्यात ऐकणारा आत की बाहेर हे लिहिलेलं नसतं. म्हणून नव्या अनुवादकांना माझं सांगणं असतं, की आधी समासात ऐकणाऱ्याचं नाव लिहा आणि मग शब्द निवडा. ते कळतच नसेल तर सरळ लेखकाला विचारा. मराठीतून थेट इंडोनेशियनमध्ये जाणाऱ्याला हा त्रास पुष्कळ कमी होतो, ‘आम्ही’ला ‘कामी’ बहुतेक वेळा नीट बसतो. सांभाळायचं ते ‘आपण’ला. ‘आपण निघू या’ मधला ‘किता’. पण ‘आपण इथे बसावं’ असं पाहुण्यांना म्हटलं, तर तिथे ‘आन्दा’, म्हणजे आदराचं ‘तुम्ही’, किंवा नात्याप्रमाणे पुरुषाला ‘बापाक’ आणि बाईंना ‘इबू’.