पश्चिमेची भिंत

(नाशिक, पाथर्डी फाट्यापुढची इमारत, भर दुपार)

ब्लॉकचं काम चालू आहे. गवंड्याच्या हातातला हा करडा ठोकळा दिसतो मोठा, पण वजनाला हलका. हा एएसी ब्लॉक. त्याच्या पोटात हवेची बारीक बारीक छिद्रं असतात आणि अडकलेली हवा उष्णतेला सहज पुढे जाऊ देत नाही. भाजक्या विटेतून जितकी उष्णता वाहते, त्याच्या साधारण एक पंचमांश यातून वाहते. काँक्रीटशी तुलना केली तर एक अष्टमांशही नाही.

(शेजारची साइट, अ‍ॅल्युमिनियमचे साचे)

इथे ब्लॉकही नाही आणि वीटही नाही. साचे उभे करायचे, भिंत आणि स्लॅब एकदमच काँक्रीटचे ओतायचे. काम झपाट्याने उरकतं. पण दिवसभर तापलेली ही भिंत रात्री घरातल्या माणसांकडे तोंड करून निवत बसते.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने 2018 साली आणलेली इको निवास संहिता नेमकी या भिंतीबद्दल बोलते. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या निवासी इमारतींसाठी ती आहे. नाशिकसारख्या, थंड हवामान विभागात न मोडणाऱ्या शहरांत, भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता इमारतीच्या बाहेरच्या आवरणाच्या, म्हणजे भिंती-खिडक्यांच्या, दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटच्या आत ठेवायची. या आकड्याला आरईटीव्ही म्हणतात.

(आर्किटेक्टचा संगणक)

बघा, पश्चिमेची खिडकी मोठी केली, आकडा चढला. छज्जा पुसला, अजून चढला. दर्शनी भाग सपाट, चकचकीत दिसावा म्हणून आज कितीतरी इमारतींचे छज्जे असेच पुसले जातात, आणि ते चूकच आहे. दक्षिणेचं ऊन वरून येतं, त्याला आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, थेट पलंगापर्यंत पोचणारं. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, नाहीतर त्या बाजूला जिना आणि संडास-बाथरूम घ्यावेत. हे कागदावर फुकट होतं. प्लिंथ (जोतं) झाली की नाही.

खिडकीतून वारा किती येणार, हेही संहिता मोजते. दोन तावदानांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, म्हणून तिचं निम्मंच क्षेत्रफळ धरलं जातं. बिजागऱ्यांच्या खिडकीचं 90 टक्के.

(गच्ची, कामगार फोमचे तक्ते अंथरताना)

संहितेत छताचाही एक आकडा आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता झिरपते तो. तो 1.2 च्या वर जाता कामा नये. उघड्या 150 मिलिमीटरच्या स्लॅबचा आकडा 3 च्याही पुढे जातो. नुसता विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून तो पुरेसा खाली येत नाही. म्हणून कोब्याखाली हे तक्ते. तक्त्यांच्या सांध्यात फट राहिली तर उष्णता तिथूनच वाट काढते, म्हणून हा कामगार प्रत्येक सांधा दाबून बघतोय.

2022 च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत मोठ्या निवासी इमारतीही आल्या. प्रत्यक्ष अंमल राज्याने आणि महापालिकेने करायचा आहे. तोवर वरच्या मजल्यावरची वीजबिलं आणि उन्हाळ्यातल्या रात्री राहणाऱ्याच्याच वाट्याला.

फ्लॅट बुक करायला जाल तेव्हा नमुना फ्लॅट जरूर बघा. पण त्याआधी बिल्डरकडे दोन गोष्टी मागा: इमारतीचा आरईटीव्हीचा हिशोब आणि गच्चीच्या थरांचं रेखाचित्र.