रोपाची शिदोरी

नमस्कार मंडळी. नारळाचे उपयोग सांगायला लागलं की यादी संपतच नाही. आज मला यादी द्यायची नाही. मला एवढंच दाखवायचं आहे, की नारळाचा जो जो भाग आपण वापरतो तो झाडाने आपल्या रोपासाठी बांधून दिलेली शिदोरी आहे. तो रोपाच्या कशा उपयोगी पडतो हे कळलं, की आपल्या का उपयोगी पडतो हेही उलगडतं.

सोललेला नारळ हातात घ्या. शेंडी काढली की तीन डोळे दिसतात. दोन करवंटीइतकेच टणक. तिसऱ्यावर चाकूचं टोक दाबा, सहज आत जातं. त्याच्याच खाली गर्भ असतो, जेमतेम काही मिलिमीटरचा. एवढ्याशा जिवाला करवंटी फोडता येणार नाही, म्हणून ही एक वाट मऊ राहते. नारळ रुजला की तिथून कोंब बाहेर पडतो आणि गर्भाचाच दुसरा भाग आत फुगत जाऊन सगळी पोकळी भरतो. तो खोबरं शोषतो आणि रोपाला पुरवतो. मुळं-पानं धरेपर्यंत कित्येक महिने रोप यावरच जगतं.

शहाळ्याचं पाणी हे त्याच अन्नाचं पहिलं रूप. त्यात पेशींची केंद्रकं मोकळी तरंगत असतात. पुढे त्यांच्याभोवती भिंती तयार होतात, मलई धरते आणि तीच घट्ट होऊन खोबरं बनते. १९४१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ योहानेस व्हान ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ प्रयोगशाळेत वाढवले, ते नारळाचं पाणी घालून. पेशींच्या विभाजनाला चालना देणारी संप्रेरकं त्यात असतात. ऑर्किडची रोपं बाटल्यांत वाढवणारे आजही ते वापरतात. मला नारळाचा हा उपयोग सगळ्यांत विलक्षण वाटतो. एक इशारा मात्र देतो: या पाण्यात पोटॅशियम भरपूर असलं तरी सोडियम कमी असतं. जोराचे जुलाब होत असतील तर जलसंजीवनीच द्या, शहाळ्यावर भागवू नका.

बाहेरचं सोडण हलकं, हवेने भरलेलं, म्हणून नारळ समुद्रात तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागतो. खाऱ्या पाण्यात हा काथ्या लवकर कुजत नाही, त्यामुळेच जहाजांचे दोर त्याचे वळले गेले. करवंटीच्या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायू अडवणाऱ्या मुखवट्यांत तो भरला जाई. तेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो. पण या तेलात संपृक्त मेद फार, ते रक्तातलं घातक कोलेस्टेरॉल वाढवतं. त्याला औषध म्हणून खपवणं मला पटत नाही.

या बीजाला थांबणं मात्र जमत नाही. धान्याचं बी वाळवून थंडीत वर्षानुवर्षं ठेवता येतं, नारळाचा गर्भ वाळला की मरतो. त्यामुळे जाती टिकवायच्या तर जिवंत बागाच राखाव्या लागतात. बागेत रोग शिरला तर? माडाला वाढीचं टोक एकच, शेंड्यातलं. ते गेलं की झाड गेलं. फायटोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या पिवळ्या रोगाने जमैकातले उंच माड असेच बहुतांशी संपवले. म्हणून प्रत्येक जातीची झाडं एकाहून अधिक देशांत लावलेली हवीत, आणि त्या बागांचा खर्च कोणत्याही सरकारने टाळू नये.