आमदाराने काय केलं, हे तपासायचं कसं? कसब्याच्या निमित्ताने

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी मिळकतकराच्या पीटी-३ अर्जाबद्दल, म्हणजे राहत्या घराच्या सवलतीसाठी भरायच्या अर्जाबद्दल बोलले होते. त्याखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न मात्र कराचा नव्हता. प्रश्न होता, "ताई, आमच्या आमदाराने काय केलं हे तपासायचं कसं?" कुणी कोथरूडचं विचारत होतं, कुणी हडपसरचं, कुणी वडगाव शेरीचं. मी आज पुण्यातल्याच कसबा मतदारसंघाचं उदाहरण घेते. माझं लहानपण शनिवार पेठेत गेलंय, त्यामुळे इथल्या निवडणुका मी घरातल्या लग्नकार्यांसारख्या लक्षात ठेवल्या आहेत.

आधी भराभर मूळ गोष्टी. विधानसभेत २८८ आमदार, मुदत पाच वर्षं, पुणे शहरात आठ मतदारसंघ. अधिवेशनं तीन, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. हे शाळेत झालंय. पुढे जाऊ.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करायला घेतला ती गोष्ट. एका प्रेक्षकांची कमेंट होती, "आमच्या बोळातलं ड्रेनेज आठ दिवस तुंबलंय, आमदार कुठे आहेत?" दादा, तुमचा त्रास खरा आहे, पण दार चुकलंय. ड्रेनेज, कचरा, गल्लीतला दिवा, नळाचं पाणी, बोळातला खड्डा ही सगळी महापालिकेची कामं. त्यासाठी नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालय आणि तिथले अभियंते. आमदार फोन करू शकतो, करतोही, आणि त्याच्या फोनने काम लवकर होतंही. पण फोन केला म्हणून त्याला शाबासकी आणि नाही केला म्हणून शिव्या, असा हिशेब आपण करत बसलो, तर ज्या कामासाठी त्याला मुंबईला पाठवलं ते काम कोण तपासणार?

ही गल्लत कसब्यात का होते, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मग एकदा मी इथल्या आमदारांची मागची वाटचाल ओळीने लिहून काढली. गिरीश बापट टेल्कोत नोकरीला होते, आणीबाणीत नाशिकच्या तुरुंगात राहिले, १९८३ला नगरसेवक झाले, पुढे महापालिकेचा खर्च मंजूर करणाऱ्या स्थायी समितीचे अध्यक्ष. मुक्ता टिळक नगरसेविका, मग २०१७ ते २०१९ पुण्याच्या महापौर. रवींद्र धंगेकर अनेक वर्षं नगरसेवक. हेमंत रासने नगरसेवक आणि स्थायी समितीचे अध्यक्ष. चौघेही महापालिकेतून वर आलेले! मतदाराने ज्या माणसाला दहा-पंधरा वर्षं नळाच्या आणि गटाराच्या तक्रारी सांगितल्या, तो आमदार झाला की मतदार त्याच तक्रारी घेऊन त्याच्याच दारात जाणार. त्यात १४ मार्च २०२२ला पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक लांबतच गेली. मधल्या काळात सरकारने नेमलेला प्रशासक कारभार पाहत होता, नगरसेवकच नव्हते, मग माणसं जाणार कुठे? आमदाराकडे. लोकांची चूक आहे असं मी म्हणत नाही. पण या सवयीमुळे आमदाराचं खरं काम आपल्या नजरेतून सुटतं.

निवडणुकांचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यात एक मजेदार आकडा आहे. १९९१ला अण्णा जोशी खासदार झाले, कसब्याची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात जिंकले, भाजपचे बापट हरले. १९९५ला बापट जिंकले ते २०१९ला खासदार होईपर्यंत. सलग पाच वेळा. २०१९ला मुक्ता टिळक २८ हजारांहून जास्त मतांनी आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. २६ फेब्रुवारी २०२३ला पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसच्या धंगेकरांनी भाजपच्या रासनेंना जवळपास अकरा हजारांनी हरवलं. तेव्हा सगळे म्हणाले, कसबा बदलला.

नोव्हेंबर २०२४ला तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि रासने १९ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. आता आकडा ऐका. धंगेकरांची मतं सुमारे ७३ हजारांवरून ७० हजारांवर आली, म्हणजे त्यांचा मतदार फारसा हलला नाही. रासनेंची मतं मात्र ६२ हजारांवरून ९० हजारांवर गेली. पोटनिवडणुकीला निम्मेच मतदार बाहेर पडले होते. म्हणून "लोकांनी नाकारलं" किंवा "लोकांनी डोक्यावर घेतलं" असं म्हणण्याआधी घरी किती लोक बसले ते पाहत जा. फरकाचा आकडा एकटा काही सांगत नाही.

पोटनिवडणुकीवरून आठवलं. "आमदार गेले की सहा महिन्यांत निवडणूक होते, मग बापट गेल्यावर लोकसभेची का नाही झाली?" असं बऱ्याच जणांनी विचारलंय. नियम सहा महिन्यांचाच आहे, पण उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा त्या वेळेत निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी बोलून प्रमाणित केलं, तर सूट मिळते. बापटांचं निधन २९ मार्च २०२३ला झालं, मुदत वर्षाहून जास्त उरली होती, तरी निवडणूक झाली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्याला वर्षभर खासदार नव्हता. मला याचं आजही वाईट वाटतं.

परत मुद्द्यावर. दार कुठलं, हे मी माझ्याच घरच्या गोष्टीतून सांगते.

माझ्या आत्याचा वाडा शनिवारवाड्याला अगदी लागून आहे. मागची भिंत फुगलेली, माडीला खालून लाकडी टेकू. पावसाळा आला की आम्ही तिला आमच्याकडे घेऊन येतो. वाडा पाडून नवीन बांधावा म्हणून आत्या किती वर्षं आमदारांच्या कार्यालयात अर्ज देत होती. एकदा मी बरोबर गेले. तिथल्या एका मुलाने फाईल पाहिली आणि तो म्हणाला, "काकू, हे आमच्या हातात नाही हो." आत्या चिडली. मीही चिडले. घरी येऊन कागद वाचले तेव्हा कळलं, मुलगा बरोबर बोलला होता.

शनिवारवाडा हे केंद्राचं संरक्षित स्मारक. त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचा पट्टा, हे आलं संसदेने २०१०ला केलेल्या कायद्यातल्या दुरुस्तीतून. आमदार फार तर विधानसभेत विषय मांडेल, केंद्राकडे शिफारस करा म्हणेल. कायदा बदलणार संसद, म्हणजे विचारायचं खासदाराला.

पण तोच वाडा समजा नारायण पेठेत आहे, स्मारकापासून लांब. मग अडचण वेगळी. शेजारच्या भिंतीपासून किती जागा सोडायची, उंची किती, एफएसआय किती, म्हणजे प्लॉटच्या मानाने एकूण बांधकाम किती. पेठेतला प्लॉट चिंचोळा असतो, दोन्ही बाजूंनी जागा सोडली तर खोलीच उरत नाही. हे ठरतं २०२०च्या एकत्रिकृत नियमावलीत, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. ती राज्याच्या नगरविकास खात्याची. इथे आमदाराला धरायचं! त्याने तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न विचारला का, तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी लक्षवेधी लावली का, नगरविकास खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर बोलला का? आणि नकाशा मंजुरीला टेबलावर अडकला असेल, तर ती महापालिका. वाडा एकच, दारं तीन. आत्या इतकी वर्षं मधल्याच दारावर थाप मारत होती.

"पण ताई, आमदारांनी आमच्या चौकात बाक बसवले, तेही कामच ना?" हो, कामच. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी रुपये असतो. आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. समाजमंदिर, व्यायामशाळा, पदपथ अशी बरीच कामं त्यातून होतात, आणि फलकावर नाव मोठं असतं म्हणून तीच डोळ्यांत भरतात. आता पुणे महापालिकेचं वर्षाचं अंदाजपत्रक पाहा, बारा हजार कोटींच्या पुढे गेलंय. त्याच्याशेजारी पाच कोटी ठेवून बघा. बाकांवरून आमदार मोजायचा असेल तर आपण त्याच्या ताकदीचा अगदी छोटा कोपरा मोजतोय.

त्याची खरी ताकद कुठे असते ते तुमच्याच बिलावर दिसेल. स्वतः राहत्या घराला पुण्यात मिळकतकरात ४० टक्के सवलत होती, १९७० पासून. दिली महापालिकेने ठराव करून. तो ठराव राज्य सरकारने रद्द केला आणि लोकांना वाढीव बिलं आली. माझ्या आईने ते बिल तीनदा चष्मा पुसून वाचलं होतं. २०२३ला सवलत परत मिळाली, तीही कुठून? राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयातून. कर महापालिकेचा, बिल महापालिकेचं, पण किल्ली मुंबईत. कसब्याची पोटनिवडणूक त्याच दिवसांत झाली, हे लक्षात असू द्या. आमदारांनी, विरोधकांनी, संस्थांनी सगळ्यांनी रेटा लावला. अशा वेळी आमदार काय बोलला, ते तपासण्यासारखं असतं.

मग तपासायचं कुठे? दोन कागद.

पहिला, नमुना २६, म्हणजे उमेदवारी अर्जाबरोबरचं शपथपत्र. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. मालमत्ता, कर्ज, पाच वर्षांचं उत्पन्न, शिक्षण, गुन्हे. यावर इंटरनेटवर भरपूर व्हिडिओ आहेत, मी एकच सांगते. प्रलंबित गुन्हा आणि झालेली शिक्षा हे वेगवेगळे रकाने आहेत. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा यांची नुसती बेरीज करून "इतके गुन्हे" असं पुढे पाठवू नका. कलम वाचा.

दुसरा कागद कुणीच उघडत नाही, आणि तोच महत्त्वाचा. विधानसभेतल्या प्रश्नांच्या याद्या. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात, मराठीत. पण नुसते मोजू नका. एकाच प्रश्नाखाली बऱ्याच आमदारांची नावं असतात. नाव दिसलं म्हणजे त्याने सभागृहात उभं राहून उपप्रश्न विचारला असं होत नाही. शिवाय मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. बापट २०१४ ते २०१९ मंत्री होते. अन्न व नागरी पुरवठा, संसदीय कार्य, पुण्याचं पालकमंत्रिपद. त्या पाच वर्षांचे त्यांचे प्रश्न शोधाल तर शून्य सापडतील, आणि त्यावरून त्यांनी काम केलं नाही असं म्हणणं अन्याय होईल. तिथे त्यांच्या खात्याचे निर्णय पाहायचे.

आणि मतदान. आमदार राज्यसभेसाठी मत देतो, विधान परिषदेसाठी देतो. जून २०२२ आठवतो? मुक्ताताई कर्करोगाशी झुंजत होत्या. १० जूनला राज्यसभेसाठी, पुन्हा २० जूनला विधान परिषदेसाठी, पुण्याहून मुंबईला रुग्णवाहिकेतून गेल्या. चिंचवडचे आजारी आमदार लक्ष्मण जगतापही तसेच गेले. ते दृश्य टीव्हीवर पाहताना आमच्या घरात कुणी बोललं नाही. त्यांचा पक्ष तुम्हाला पटो न पटो, आमदाराच्या एका मताचं वजन त्या दिवशी दिसलं.

आत्याचं काय झालं, हे विचारणाऱ्यांसाठी: वाडा अजून टेकूवर आहे. या वेळचा अर्ज आम्ही दोघींनी बसून लिहिला, वर खासदारांचं पद घातलं, खाली १०० मीटरच्या कलमाचा उल्लेख केला आणि दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज वेगळा जोडला. पोच मिळाली आहे. तुमच्या मतदारसंघाचं नाव आणि तुमची अडचण खाली लिहा, दार कुठलं ते मी पुढच्या व्हिडिओत एकेक घेऊन सांगते. ड्रेनेजवाले दादा, तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाचं नाव पहिल्या कमेंटमध्ये लिहिलंय.